अण्णांच्या नावापुढची ओळ

"पान उघडायला अठरा सेकंद लागतात, आणि आमच्या बाई तोवर दारात उभ्या असतात," कांबळे मॅडम फोनवर म्हणाल्या. "कोणी नावानं हाक मारली नाही की त्या घाबरतात. काल परत रिक्षात जाऊन बसल्या."

कांबळे मॅडम सरकारी हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या आणि वारज्यात त्यांनी विस्मरणाचा आजार असलेल्या ज्येष्ठांसाठी दिवसभराचं केंद्र काढलं. सकाळी साडेनऊला यायचं, पाचला घरी. मी बिबवेवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. केंद्राचं सॉफ्टवेअर आमचंच, म्हणजे बहुतांशी माझंच. दारात उभी असलेली मदतनीस टॅबवर आलेल्या माणसाचं पान उघडते. त्यांना काय म्हणून हाक मारायची, औषधं कोणती, घरी कोण कोण आहे, सगळं त्यावर असतं. मदतनीस मुली बदलत राहतात, त्यामुळे सगळी भिस्त टॅबवर.

पान का रखडतं ते मला पाच मिनिटांत कळलं. आमचा प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक मध्यस्थ असतो, त्याला ओआरएम म्हणतात. त्याच्याकडे एक माणूस मागितला की तो डेटाबेसातून आणून देतो. त्या माणसाबरोबर आणखी काय काय आणायचं, हे आपण त्याला आधी सांगून ठेवायचं असतं. मी सांगून ठेवलं होतं, सगळं आण. त्यामुळे तो बिचारा दोन वर्षांचे फोटो, रोजच्या जेवणाच्या नोंदी आणि नातेवाईकांची जंत्री घेऊन धापा टाकत यायचा.

यावर उपाय ठरलेला आहे. लेझी लोडिंग. माणूस लगेच आणायचा, बाकीचं कोणी मागेल तेव्हा. घरी कोणी चहाला आलं तर आपण माळ्यावरची मोठी पातेली खाली काढत नाही, तसंच. मी सगळीकडे लेझी करून टाकलं. नातेवाईकांची नावं पहिल्याच स्क्रीनवर दिसतात, म्हणून तेवढी सोबत ठेवली. पान दीड सेकंदात उघडायला लागलं.

"एक नंबर," आमचा मॅनेजर समीर म्हणाला. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे आणि कौतुक दोन शब्दांत उरकतो. मीही खूश होते. घड्याळ लावून दहा पानं उघडून पाहिली होती. पानात काय आहे ते वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांबळे मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"बाईंच्या पानावर 'पती: अण्णा' एवढंच दिसतंय. पुढची ओळ कुठे गेली?"

"कुठली ओळ?"

"अण्णा गेले त्याची."

बाई म्हणजे सुशीलाबाई. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या, म्हणून केंद्रातही सगळे त्यांना बाईच म्हणतात. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. बाईंना ते आठवत नाही. कोणी सांगितलं तर त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडतात, म्हणून कोणी सांगत नाही. त्यांच्या मुलानं अण्णांच्या नावापुढे एक सूचना लिहून दिली होती: हयात नाहीत, आपण होऊन विषय काढू नये.

ती सूचना डेटाबेसात वेगळ्या टेबलात, म्हणजे वेगळ्या तक्त्यात होती. नातेवाईक बाईंना जोडलेले, आणि सूचना नातेवाईकाला जोडलेली. नाव मी सोबत ठेवलं आणि सूचना लेझी केली. म्हणजे अण्णांच्या नावावर कोणी बोट ठेवेल तेव्हाच ती येणार. पूजा नावाची मुलगी कामावर लागून चारच दिवस झाले होते. तिनं पान उघडलं, नाव वाचलं आणि आपुलकीनं विचारलं, "बाई, आज अण्णा नाही आले सोडायला?"

बाई फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "ते येऊ देत, मग बसू." कांबळे मॅडमनी दोन खुर्च्या फाटकापाशी नेल्या आणि दोघी तिथे बसून राहिल्या. मला फोन आला तेव्हा त्याला तीन तास होऊन गेले होते.

मी फोन ठेवून उठले. समीरला सांगितलं.

"तक्रारीचं तिकीट रेझ करायला सांग त्यांना," तो म्हणाला.

"मी जाते तिकडे."

"इथूनच रिमोटली होईल की."

"होईल. तरी जाते."

मी पोचले तेव्हा बाई आत झोपल्या होत्या. न जेवताच. पूजा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. तिला वाटत होतं, आपण काहीतरी वाईट बोललो. मी तिला सांगितलं की तू पानावर होतं तेच वाचलंस, पान मी अर्धं दिलं. तिला लेझी लोडिंग कळलं नाही, पण चूक कोणाची ते कळलं. तिनं नाक पुसलं आणि मला चहा टाकला. त्या चहाची मला जास्त लाज वाटली.

दुरुस्ती एका ओळीची होती. नातेवाईक आणशील तेव्हा त्याची सूचना सोबतच आण. शिवाय स्क्रीनवर सूचना नावाच्या वर घेतली, म्हणजे आधी तीच वाचली जाईल. पान आता दोन सेकंद घेतं.

"अर्धा सेकंद वाढला," समीर फोनवर म्हणाला.

"वाढू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊलाच मी केंद्राच्या दारात उभी राहिले. दोन वर्षं हे सॉफ्टवेअर चालवून मी त्या दारात पहिल्यांदाच उभी होते. रिक्षा आली. बाई उतरल्या, दोन पावलं आल्या आणि थांबल्या. चेहऱ्यावर ती भीती मी बघितली. पूजानं टॅबवर नजर टाकली आणि म्हणाली, "या बाई. फळा पुसून ठेवलाय."

भीती गेली. इतक्या सहज गेली की माझेच डोळे भरून आले.

आत हॉलमध्ये खरंच फळा आहे. बाई त्यावर रोज गणितं लिहितात. माझ्या हातातला टॅब पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"हे मशीन दुरुस्त करायला आलेय."

"बिघडवलं कोणी?"

"मीच."

"मग योग्य माणूस आलाय." त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि फळ्यावरच्या समीकरणाकडे बोट केलं. मी मनात सोडवून खाली उत्तर लिहिलं. उत्तर बरोबर होतं. बाईंनी ते पाहिलं, आणि मग उत्तराच्या वरची मोकळी जागा पाहिली.

"पायऱ्या गाळल्यास," त्या म्हणाल्या. "घाई झाली होती का?"

"हो, बाई."

"एक मार्क गेला." आणि जेवायच्या वेळेपर्यंत त्यांनी मला शेजारी बसवून ते गणित पायऱ्यांसकट करून घेतलं.

लेझी लोडिंग मी आजही वापरते. ते चांगलंच आहे. फक्त काय मागाहून आलं तरी चालेल, ते बिबवेवाडीत बसून ठरवत नाही. आधी त्या दारात जाऊन उभी राहते.

त्या दिवशी बाई पोटभर जेवल्या.