पंधराची गाडी

ती केस आठवली की मला आजही दुपारची गुंगी येते. मी तेव्हा डहाणूला उपनिरीक्षक होतो. थंडी सरत आली होती आणि पोलीस ठाण्यातसुद्धा कोणाला कसली घाई नव्हती. अशात घोलवडच्या एका चिकूवाडीचे मालक लेखी तक्रार घेऊन आले. त्यांचं मराठी गुजराती वळणाचं, आणि त्यांना सगळे शेठ म्हणत. आपला ड्रायव्हर गाडीतलं डिझेल चोरतो, अशी त्यांची तक्रार होती.

"साहेब, माझी गाडी पंधराची. लिटरला पंधरा किलोमीटर म्हणजे पंधरा. दोन महिने झाले, साडेतेराच देते. बाकीचं डिझेल जातं क्यां, दर्यात?"

दोनच दिवसांत खबर आली. ड्रायव्हर नरपडचा, मच्छीमार घरातला. सुट्टीच्या दिवशी भावाच्या होडीत कॅनने डिझेल ओतताना त्याला पाहिलं होतं. शेठ थट्टेत बोलले ते खरंच निघालं, असं म्हणून मी खूश झालो.

त्याला चौकशीला बोलावलं. पंचेचाळिशीचा, अबोल माणूस. कबुली घेण्यात माझा हातखंडा आहे असं लोक म्हणत, आणि मला ते ऐकायला आवडे. मी कधी हात उचलला नाही. तोच प्रश्न, त्याच आवाजात, पुन्हा पुन्हा विचारायचो. होडीतलं डिझेल मच्छीमार सोसायटीचं असतं, असं त्याने सांगितलं. मी मान डोलावली आणि तोच प्रश्न विचारला. सकाळी दहाला बसवलेला माणूस चार वाजता खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काढलं असंल, साहेब."

मी जबाब लिहिला, त्याची सही घेतली आणि त्याला घरी पाठवलं. गुन्हा दुसऱ्या दिवशी दाखल करायचा होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या आधी त्याची बायको ठाण्यात हजर. ती बोंबील सुकवून विकायची. ओरडली नाही, रडली नाही.

"साहेब, माझा नवरा खोटं बोलत नाय. आन् चोरी पण करत नाय. काल त्यानं सांगितलं, चोरी केली. मग आता मी त्याचं काय खरं धरू?"

मी गुन्ह्याचा कागद बाजूला ठेवला आणि शेठना गाडी घेऊन बोलावलं.

पंपावर टाकी भरली. नळी आपोआप बंद होईपर्यंत, पुढे एक थेंब नाही. ड्रायव्हर चाकावर, मी शेजारी, शेठ मागे. आम्ही तिघं डहाणूहून निघालो. नरपडला सुरूच्या झाडांमधून समुद्र लकाकत होता. घोलवडला वाड्यांच्या गर्द सावलीत शिरलो तेव्हा आपण कुठे आणि कशाला चाललोय हेच मी विसरलो. आयुष्यभर असंच जात राहावं असं वाटलं, आणि त्या विचाराची लाजही वाटली. शेजारचा माणूस सरळ रस्त्याकडे बघत होता.

तलासरीहून महामार्गाला लागलो. झोप येऊ नये म्हणून मी किलोमीटरचे दगड मोजू लागलो. दहा दगड झाले. सहज मीटरकडे पाहिलं, तर नऊच किलोमीटर वाढले होते. पुन्हा दहा मोजले, पुन्हा नऊ. माझी झोप उडाली.

चारोटीवरून वळून त्याच पंपावर, त्याच नळीने टाकी पुन्हा भरली. मीटरप्रमाणे हिशेब साडेतेराचाच आला. मी गाडीतून क्षणभरही उतरलो नव्हतो. दगडांप्रमाणे धरलं तर बरोबर पंधरा.

"शेठ, टायर कधी बदलले?"

"दोन महिने झाले. वाडीत गाडी खालून घासत होती, म्हणून जरा उंचवाले घातले."

उंच टायर एका फेऱ्यात जास्त अंतर तोडतो. मीटर मात्र जुन्या टायरच्या मापानेच फेरे मोजत होता. गाडी पंधराचीच होती. सोसायटीत विचारलं, होडीचं डिझेलही तिथलंच निघालं.

शेठ वरमले. तिथेच ड्रायव्हरचे दोन्ही हात धरून त्यांनी माफी मागितली. मी त्याच्या बायकोलाही ठाण्यात बोलावून घेतलं आणि तिच्यादेखत तो जबाब रद्द केला. ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं, मग चाचरत विचारलं,

"म्हणजे मी झोपेत पण काढत नव्हतो ना, साहेब? तुम्ही इतक्यांदा विचारलं, मला वाटलं, काढत असंन."

बायकोने त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर नेलं. मला मान वर करता आली नाही.

त्यानंतर मी चौकशीची पद्धत बदलली. आधी वस्तू तपासायची, माणूस नंतर. पण त्याआधी माझ्यासमोर कबूल झालेल्यांत किती जण खरे गुन्हेगार होते आणि किती जण नुसते थकले होते, हे मला आता कुठल्याच मापाने सांगता येणार नाही.