केशव थांबला तिथून वीतभर पुढे

२०२४ साल. मला चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती, माझ्या लॉरीला चौदा. ओरत्तनाडूला भाताची पोती भरून कालव्याच्या पुलावर चढलो आणि इंजिनचा पिवळा दिवा पुन्हा पेटला. गाडीचा दम गेला. मी रागारागाने केशवाला फोन लावला. उचलला त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने. म्हणाली, "अहो, आता त्याला ओरडू नका... केशव गेला."

केशव माझा मेहुणा. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमची दोघांची घरं समोरासमोर. मी लॉरी चालवतो, तो गाड्यांचं वायरिंग करायचा. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, तीही तमिळ. म्हणून हे मी बोलतोय आणि माझी बायको सक्कुबाई लिहून घेतेय. मधेच भावाच्या आठवणीने तिचा हात थांबतो, तिथे टिंबं पडतात. आमची मराठी तुम्हांला वाकडी वाटेल. वाटू दे, आम्ही पिढ्यान् पिढ्या अशीच बोलत आलो.

त्या दिव्याने आम्हा दोघांना फार छळलं. स्कॅनर लावला की एकच कोड, डिझेलच्या दाबाचा. सेन्सर बदलला, फिल्टर बदलला, पंप उतरवून तपासून आणला. केशव कोड पुसायचा, दिवा विझायचा, आणि माल भरून पुलावर गेलं की परत हजर. रिकाम्या गाडीत कधी नाही. "भावजी, ही तुमच्यावर गेलीय," तो म्हणायचा. "मोकळी असली की शहाणी, ओझं आलं की लागली कुरकुरायला." मी म्हणायचो, "आणि तू तिचा वैद्य. नुसती नाडी बघतोस, औषध कुठाय?" चिडला की तो तमिळमध्ये बोलायचा आणि दुसऱ्या दिवशी आपणच यायचा. इंजिन चालू ठेवायचं, एकाने वर बसून दिव्याकडे बघायचं, दुसऱ्याने खाली पडून वायर बोटाबोटाने हलवत जायचं. हलवताना दिवा पेटला की चोर तिथेच. दिव्यापाशी मी, वायरीपाशी तो.

पोंगलच्या आधी असंच करताना तो खालून मोठ्याने हसला. सेन्सरच्या प्लगमध्ये वाळलेलं चंदन सापडलं होतं. आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. माझं हत्यार लॉरी. तिच्या चालत्या भागांना मी स्वतः गंध लावतो, एक सोडत नाही.

"ऐयो भावजी! प्लगच्या तोंडात गंध कुणी कोंबलं?"

"जो काम करतो त्याला गंध लागतं."

"मग मला कधी लावलं नाही ते?"

दारातून सक्कुबाई म्हणाली, "त्याला आधी साबण लावा."

त्याने प्लग साफ केला. चाकाला धरून उठला, त्याला धाप लागली होती, तरी म्हणाला, "आता हा दिवा पेटला तर मला केशव म्हणू नका." मग तो घरी गेला... सुगी सुरू होईतो गाडी रिकामीच होती, दिवा लागलाच नाही. चोर धरला ह्या समाधानातच तो गेला.

तेरावा झाला आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली, केशवाचं शेवटचं काम फसलं म्हणून. मला जेवण जाईना. दारापासून लॉरीपर्यंत जायचो, परत यायचो, बसलो की उठायचो. माझा मुलगा म्हणाला, "अप्पा, मामांनी जागोजागी जोड मारलेत. वर्कशॉपवाले म्हणतात, सगळं वायरिंग काढून नवं घालू. उद्या गाडी नेतो."

"मामाची एक तार कापायची नाही."

"मग दिवा कोण विझवणार? तुम्ही?"

"मीच."

तो हसला नाही, ते जास्त लागलं. त्याच दुपारी मी थोडा वेळ बॅटरीची तार सोडून दिवा विझवला, ती जोडून इंजिन चालू केलं आणि पोतं अंथरून लॉरीखाली शिरलो. वर बघायला कोणी नव्हतं. सक्कुबाई आपणहून पदर खोचून वर चढली. लॉरीत ती आजवर बसली नव्हती. मी केशवाचे जोड एकेक हलवले. ओढले, पिळले. एकही ढिला नव्हता, दिवाही पेटला नाही. मग सेन्सरच्या प्लगपाशी आलो, तिथून पुढे तो गेलाच नव्हता. मी गेलो. वीतभर पुढे वायर चेसिसच्या पट्टीमागे जाते, तिथे बोट घातलं आणि वरून ती ओरडली, "पेटला! अहो, पेटला!"

तिथली साल घासून तांबं उघडं पडलं होतं. ओझं आलं की चेसिस वाकते आणि तांबं लोखंडाला टेकतं. चोर दोन होते. केशवाने एक धरला आणि दमून उठला. तो फसला असं कोणी म्हणायचं नाही.

मी साल बांधली, वर नळी चढवली, पट्टीपासून वायर लांब घेतली. मग गाडीने कोड विसरावा म्हणून बॅटरीची तार पुन्हा सोडून ठेवली. सक्कुबाई खाली उतरेना. केशव टेकून बसायचा त्या दाराला हात लावून बसून राहिली...

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा उठायच्या आत मी बॅटरी जोडली, ओरत्तनाडूला जाऊन पोती भरली आणि पूल चढलो. दिवा लागला नाही. पलीकडे उतरून गाडी कडेला घेतली, सवयीने केशवाला सांगायला खिशातून फोन काढला, परत ठेवला. मग लॉरी वळवली आणि त्याच्यासाठी तोच पूल पुन्हा चढलो.