पित्त म्हणून लपवलेला आजार

आमच्या रूमच्या मालकीणकाकी साक्षीला उभ्या राहिल्या नसत्या, तर माझ्या मोठ्या भावाला जन्मठेप झाली असती. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

आम्ही हिंगोलीकडचे. आठवीत शाळा सोडून मी पुण्याजवळ मारुंजीला आलो, हिंजवडीत कंपनीत साफसफाईला लागलो. मागून भावाला आणलं. त्याला कुणी नसताना कानात आवाज यायचे. गावाकडच्या दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. पण बहिणीचं लग्न जमायचं होतं, म्हणून घरात सगळे त्याला पित्त म्हणायचो. डॉक्टरचे कागद आईनं चुलीत घातले. गोळ्या मी चूर्णाच्या डबीत ठेवायचो. त्या संपल्या आणि गावी जाऊन आणायला सुट्टी मिळेना. पुढच्या आठवड्यात जातो, असं तीनदा म्हणालो.

चौथ्या आठवड्यात मी कामावर असताना, भर सकाळी, भावानं आमच्या झोपलेल्या रूम पार्टनरच्या डोक्यात वरवंटा घातला. पार्टनर कॅब चालवायचा. भावाला ताटात वाढून द्यायचा तो माणूस. त्याची आई कोर्टात समोरच्या बाकावर बसायची. तिच्याकडे मला एकदाही बघवलं नाही.

त्या दिवशी पोलिसांनी मला विचारलं होतं, "भाऊ वेडा आहे का?" सवयीनं तोंडातून निघालं, "नाही साहेब, चांगला आहे. थोडा पित्ताचा त्रास आहे." त्यांनी ते लिहून घेतलं.

सरकारनं आम्हाला दिलेल्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "काही देशांत मन ठिकाणावर नसेल तर खुनाचा गुन्हा एक पायरी खाली येतो. आपल्याकडे ती पायरीच नाही. त्या वेळी त्याला काही कळत नव्हतं हे दाखवलं तर सुटेल, नाहीतर खूनच. आणि दाखवायचं आपण." तुरुंगातल्या डॉक्टरांनी आजार लिहून दिला होता. पण त्या सकाळी त्याला बघितलेल्या एकट्या काकी.

काकींना त्यांच्या दिरानं माझ्यासमोरच बजावलं, "वैनी, गप ऱ्हावा. येडा ठिवला व्हता म्हनलं तर खोल्या कोन घील?"

काकी नुसत्या म्हणाल्या, "बगू."

कोर्टात आधी माझा नंबर लागला. सरकारी वकिलांनी माझा जबाब मोठ्यानं वाचला. "पित्तानं माणूस दुसऱ्याचं डोकं फोडतो का हो?" मागे कुणीतरी हसलं. "तेव्हा खोटं बोललात की आत्ता?" "तेव्हा," एवढंच बोललो.

मग काकी. पदर खोचून, बाजारात उभं राहावं तशा.

"भायेर आला त्यो, हातात दोन कप. म्हनला, काकी, दोघांचा च्या द्या, ह्यो उठंना झालाय, गाडीवर जायचंय त्याला. अंगावर रगात. मी वरडले, तर मलाच इचारतोय, काकी, कुटं लागलं का?"

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"त्यांनी वरवंटा कुनाचा त्ये इचारलं. ह्ये न्हाई इचारलं."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"न्हाई, चौथी शिकले. पर मानूस मारून कोन च्या मागाया येतं व्हय, सायेब?"

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

निकालाचा दिवस आला. मारलं यानंच, पण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, असं कोर्टानं धरलं. तुरुंगाऐवजी मनोरुग्णालय. पार्टनरची आई उठून गेली. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

काकींच्या दोन खोल्या तेव्हापासून रिकाम्या आहेत. दीर बोलत नाही. मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "खोटं बोलून झोप आली आस्ती का मला? जा, कामाला जा." त्यांना कधी कुणाची गरज पडली, तर खाडा करून मी सगळ्यांत आधी पोचेन. आज माझी ऐपत नाही, पण काकींचे हे उपकार मी एक दिवस फेडणार.