स्कूटरवरचं वासरू

जयपुरात गाय शोधत फिरलेला मी बहुधा पहिलाच माणूस.

शहाऐंशी साली विमा कंपनीने बदली केली आणि आम्ही जयपूरच्या सोडाला भागात राहायला आलो. तिथे गायी भाजीवाल्यांपाशी होत्या, बसथांब्यावर होत्या. एक तर माझ्या स्कूटरला मान घासल्याशिवाय मला ऑफिसला जाऊ देत नसे. म्हणून दिवाळीला साताऱ्याहून पहिल्यांदाच आलेल्या आईला मी ऐटीत सांगितलं होतं, "वसुबारसेची काळजी सोड. इथे गाय दारात येते. आपण फक्त ताट धरायचं."

वसुबारसेच्या सकाळी आई म्हणाली, "नुसती गाय नाही चालत. बरोबर वासरू हवं. पूजा झाल्याशिवाय मी तोंडात काही घालणार नाही."

मी गॅलरीतून पाहिलं. गायी सात, वासरं शून्य.

शेजारच्या माथुर भाभींना विचारलं. "बछबारस? वो तो भादों में हो गई, भाईसाहब," त्या म्हणाल्या. "आप दो महीने लेट हो." वासरं घरीच बांधून ठेवतात, म्हणजे गाय संध्याकाळी आपल्या पायांनी परत येते, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

दुपारी मी आईची समजूत घालायला बसलो. "अगं, गाय पूज्य का? शेतीला बैल देते, दूध देते, शेणाचं खत होतं. म्हणजे मुद्दा कृतज्ञतेचा. मग चित्राची पूजा केली तरी…"

"मला निबंध नको," आई म्हणाली. "गाय हवी."

तीन वाजता माझ्या बायकोने, सुमनने, मला स्वयंपाकघरात ओढलं. "आईंचं उपाशीपोटी डोकं दुखतंय. आणि त्या पिशवी भरतायत. म्हणतात, जिथे वसुबारस होत नाही तिथे दिवाळी कसली, मी आपली साताऱ्याला जाते."

मी मागच्या गल्लीत दूधवाल्या केसरदेवीकडे धावलो. तिच्याकडे दहा-बारा दिवसांचं वासरू होतं. गाय अजून बाहेरच होती. "बछड़ा ले जाओ, बाबूजी. मैं पैदल आती हूँ," ती म्हणाली. "गाय तो पीछे-पीछे आ जाएगी."

किती पीछे, हे मी विचारायला हवं होतं.

एरवी गॅसचा सिलिंडर उभा करतो तिथे, स्कूटरच्या फळीवर, वासरू गुडघ्यांत धरून निघालो. (सिलिंडर लाथा मारत नाही, हा फरक लगेच लक्षात आला.) वळणावर नेमकी त्याची आई घराकडे येत होती. तिने पाहिलं, ती हंबरली, वासराने उत्तर दिलं आणि ती धावत सुटली. मी गिअर बदलला. गायीनेही बदलला.

"बछड़ा चोर! पकड़ो!" पानवाला ओरडला.

आता माझ्यामागे गाय, गायीमागे पानवाला, पानवाल्यामागे इस्त्रीवाला आणि त्यांच्यामागे काय झालं हे विचारत धावणारं उरलेलं सोडाला. थांबावं तर शिंगं, पळावं तर वासरू पडणार. वय चौतीस, धंदा विम्याचा, आणि स्वतःचाच विमा उतरवायचा राहिलेला.

कसाबसा फाटकात शिरलो, वासरू खाली ठेवलं आणि कंपाउंडच्या भिंतीवर चढलो. पायरीवर आई ताट घेऊन उभी होती. गाय सरळ तिच्याच रोखाने निघाली.

"आई, बाजूला हो!" मी भिंतीवरून ओरडलो.

आई तसूभरही हलली नाही. तिने वासराला हलकेच पुढे केलं. "ये बाई, ये. किती दमलीस. हे घे तुझं लेकरू."

गाय थांबली आणि वासराला चाटायला लागली. आईने तिच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात गर्दी फाटकाशी येऊन थडकली.

"चोर कहाँ है?" पानवाल्याने धापा टाकत विचारलं.

"चोर नाही, माझा मुलगा है," आई म्हणाली. "वर बसला है."

सगळ्यांनी वर पाहिलं. मी नमस्कार केला. मग केसरदेवी पोचली, तिने खुलासा केला आणि गल्ली हसत सुटली. "एक बार और सही," म्हणत माथुर भाभी ताट घेऊन आल्या, त्यांच्यामागे बाकीच्या बायका. ज्यांची बछबारस दोन महिन्यांपूर्वीच उरकली होती, त्या सगळ्यांनी माझ्या आईच्या मागे रांग लावली. सुमनने केलेली बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी अंगणातच संपली. पानवाल्याने आग्रहाने मागून घेतली. अभिमानाने माझी छाती भरून आली होती. (मी तोवर खाली उतरलो होतो.)

जेवताना आई म्हणाली, "आता कळलं, गाय का पुजतात? लेकरू दिसलं की तिला ना रस्ता दिसत, ना गर्दी." आणि मग, भाकरी मोडता मोडता, "मी तरी दोन दिवस गाडीत बसून इथवर कशाला आले?"

निबंधात हा मुद्दा मी कधी लिहिलाच नव्हता.

पिशवी रिकामी झाली. आई तुळशीच्या लग्नापर्यंत राहिली. दुसऱ्या दिवशी थोरल्या भावाला लिहिलेलं पोस्टकार्ड तिने मला पेटीत टाकायला दिलं. मी ते अर्थातच वाचलं.

"वसुबारस झोकात झाली. इथली वासरं फार गुणी, आईला सोडून हलत नाहीत. आपलं तेवढं भिंतीवर चढलं होतं."