सुमनआत्याचं वाइनचं वर्ष

आमच्या सुमनने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी दारूला हात लावला.

वाक्य माझं नाही, बाबांचं आहे. फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, सगळ्यांसमोर.

आज सुमनआत्याला जाऊन एक वर्ष झालं. रडू येईल असं वाटलं होतं, पण सकाळपासून तिचे फोटो बघतेय आणि एकटीच हसतेय.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. खाडीकाठच्या गोडदेव गावची. लग्न केलं नाही. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होती. रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती आणि टीव्हीचा तिला वीट आला होता.

त्या फेब्रुवारीत माझं नाशिकच्या एका वाइनरीचं बुकिंग होतं, दोघींचं. मैत्रिणीने ऐनवेळी टांग मारली. मी सहज आत्याला फोन केला.

"वाइनरी बघायला येतेस?"

"किती वाजता निघायचं?"

बस्स. पुढे एक प्रश्न नाही.

सकाळी सहाला घोडबंदर रोडला लागलो. बाईसाहेबांच्या मांडीवर डबा. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट.

टेस्टिंग रूममध्ये काउंटरवरच्या माणसाने रेड ओतली आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "मॅडम, यात ब्लॅकबेरी येईल, थोडं चॉकलेट."

इंजेक्शन भरल्यावर सिरिंज उजेडात धरतात ना, तसा आत्याने ग्लास धरला. मग एक घोट.

"ब्लॅकबेरी मी आयुष्यात खाल्ली नाही हो. पण हे जांभूळ आहे. खाऊन झाल्यावर बी चघळतो, तेव्हा लागतं ते."

त्याने स्वतः एक घोट घेऊन बघितला.

"जांभूळच आहे की!"

मग हिने डबा उघडला. "सुकटीबरोबर कुठली चांगली लागेल?"

बंद एसी हॉल आणि सुकटीचा वास. मला कुठे तोंड लपवू असं झालं. तो माणूस मात्र व्हाइटची बाटली घेऊन आला आणि आमच्यातलीच अर्धी भाकरी खाऊन गेला.

मी गाडी चालवणार, म्हणून थेंबही घेतला नाही. येताना कसारा घाटात आत्याने मला सगळ्या चवी तोंडी सांगितल्या.

"पहिली म्हणजे नव्या माठातलं पाणी. दुसरी कैरी, मीठ न लावलेली. तिसरी मला आवडली नाही, पण मघापासून तीच आठवतेय."

मग आम्हाला चटकच लागली.

जुलैत गेलो. वेलींवर नुसती पानं, वाइनरीत शुकशुकाट. आमचा तो काउंटरवाला दिल्लीच्या एका ग्रुपला सांगत होता, "इसमें एंड में जामुन आता है." आत्याने मला असं कोपर मारलं की आई गं!

ऑक्टोबरमध्ये छाटणी चालली होती. हिने तिथल्या बाईंकडून कात्री मागून घेतली आणि तीन वेली स्वतः छाटल्या. मग हातात ग्लास घेऊन फोटो. तो मी हौसेने ग्रुपवर टाकला.

त्यावर बाबांचं ते वाक्य.

बाबांचंही चुकलं नव्हतं. आजोबा, म्हणजे बाबांचे आबा, दारूनेच गेले. आमच्या घरात रम केकसुद्धा येत नाही.

त्या भाऊबीजेला बाबा आत्याकडे गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा.

 नाताळात आत्या मला घेऊन तारोडी गावी गेली, तिच्या हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रिणीकडे, फिलोमिना सिस्टरकडे. तिने घरी केलेली वाइन काढली. म्हणाली, "तीस वर्षं हिला बाटली देतेय मी, आणि ही परस्पर वॉर्डबॉयला द्यायची!" दोघी हसून हसून लाल.

जानेवारीत एका रविवारी आत्या न सांगता आमच्या घरी आली. सरळ बाबांसमोर बसली.

"दादा, आबांना गुत्त्यावरून आणायला कोण जायचं?"

बाबांनी पेपर खाली ठेवला.

"मी जायचे. तू मोठा, पण तुला लाज वाटायची म्हणून आई मला पाठवायची. त्या वासाने ओकारी यायची मला. नंतर वॉर्डात किती जण तसेच गेले माझ्यासमोर. मी काय विसरले हाय? मी दोन घोट घेते आणि ग्लास खाली ठेवते. ठेवता येतो, एवढंच मला बघायचं होतं."

बाबांनी चष्मा काढला.

"किती वर्षांची होतीस गं तू तेव्हा?"

"नऊ. नऊपण पुरी न्हाय."

बाबा उठून आत गेले. तोंड धुऊन आले. मग मला विचारलं, "फेब्रुवारीत कधी जाताय तुम्ही?"

बाबा आले. वाइन घेतली नाही, द्राक्षाचा रस घेतला. पण द्राक्षं तुडवायच्या टबात पँट दुमडून उतरले. लहानपणी दोघांनी आमच्या मिठागराची जमीन अशीच पायांनी तुडवलेली.

"सुमे, हळू. हात धर माझा."

"तूच धर. गुडघे तुझे गेलेत."

नडग्यांपर्यंत जांभळे झालेले दोन म्हातारे, एकमेकांना धरून, खिदळतायत. सोबतचा फोटो तोच.

त्यानंतर महिन्याभरात आत्या झोपेतच गेली. हॉस्पिटल नाही, सलाइन नाही. कुणाला रात्रपाळी करायला लावली नाही.

काल बाबांनी स्वतःहून मला विचारलं, "सीझन संपायच्या आत जाऊन यायचं ना?" या रविवारचं बुकिंग केलंय. आईसुद्धा येतेय.

आत्या, मस्त जगलीस.
आम्हा सगळ्यांचा तुला प्रेमाचा नमस्कार.