मागच्या सीटवरचा लोंगर

निवृत्त झालो त्याच आठवड्यात मी घरात जाहीर केलं, की आता लांब पल्ल्याची मोटारसायकल घेणार आणि आपण दोघं गोव्याला जाणार. बायको वाल सोलत होती. "तू जा, मी ट्रेनने येते," एवढंच म्हणाली. ट्रेनने आलेली बायको घेऊन मी काय करू? मला ती मागच्या सीटवर हवी होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण स्टेशन, चर्चमधली रविवारची मिस्सा आणि तिच्या बहिणीचं घर सोडलं तर ती गाडीवर माझ्यामागे बसून कुठेच आली नव्हती. पाठ दुखते म्हणायची. तेव्हा गाडीच अशी घ्यायची ठरवली, की पाठीने तक्रार करायला नको.

मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे लगेच वही घेऊन रकाने आखले. शोरूममधला सेल्समन मला विचारतो, "सर, तुमची प्रायोरिटी काय? वेग, आराम, की खराब रस्ते?" मी म्हटलं, तिन्ही. "तिन्ही एका गाडीत पूर्ण नाही मिळत, सर." बरोबर होतं त्याचं, पण माझं डोकं तापलंच. तरी पोरगा सालस निघाला. ओळीने तीन शनिवार एकेक गाडी सांडोरला आमच्या दारात घेऊन आला.

आता आमच्या वाडीवाल्यांची एक रीत सांगायला हवी. सायकल असो, स्कूटर असो की टेम्पो, नव्या वाहनावर पिकायला आलेला केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, बांधायचा आणि होळी नावाच्या आमच्या बाजारपेठेपर्यंत न्यायचा. केळ्यांवर काळे डाग पडले नाहीत तर वाहन चांगलं. माझ्या वडिलांनी सायकल अशीच पारखून घेतली होती. मीही मागच्या सीटवर गोणपाट टाकून लोंगर बांधला. सेल्समन नुसता बघत राहिला.

पहिल्या गाडीचं हँडल खाली, त्यामुळे पुढे वाकून बसायचं. वळणावर काय सुरेख झुकली! पण होळीला पोहोचेपर्यंत माझी मनगटं दुखायला लागली, आणि मागची सीट म्हणजे तळहाताएवढी पट्टी. केळी पार काळवंडली. तिसरी उंच होती, खड्डे तिला कळतही नव्हते, पण थांबल्यावर माझे पाय जमिनीला जेमतेम टेकायचे. मधली मात्र ऐसपैस. समोर मोठी काच, सरळ बसायला येतं, मागे रुंद गादी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. वजनाला भारी, दारातून मागे ढकलताना घामाघूम झालो. पण लोंगरावर एक डाग नाही.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "ठरलं. केळी शाबूत आली. तुझ्या पाठीला काही होणार नाही."

ती आधी हसली, मग हसायची थांबली. "केळ्यांना विचारलंस. मला कधी विचारलंस का?"

"पाठीचं तूच सांगत आलीस ना?"

"पाठ नाही दुखत माझी. भीती वाटते. तू टेम्पोच्या पुढे घुसतोस ना, तेव्हा वाटतं, संपलं आता. हळू चालव म्हटलं की आणखी मूठ पिळतोस. म्हणून बोलणंच सोडलं."

खरं होतं. माझा स्वभावच तसला. तरी मी विचारलं, "आणि कमरेला एवढी घट्ट धरून बसायचीस ती?"

"मग काय करू? पडले असते."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. इतकी वर्षं मी छाती फुगवून गाडी चालवत होतो, की बघा, आमची बायको कशी बिलगून बसते. लाज वाटली. वाईटही फार वाटलं.

पुढच्या शनिवारी मधली गाडी पुन्हा मागवली. बायकोला म्हटलं, नायगावच्या खाडीपर्यंत ये, खांद्यावर थाप मारलीस की वेग कमी, वाद नाही. पहिली थाप गावाच्या वळणाआधीच पडली. मस्तकात तिडीक गेली, पण गिळली. एका रिक्षाने मला मागे टाकलं. मग एका स्कूटरने. एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत गेला, त्यालाही जाऊ दिलं. खाडीच्या पुलाच्या अलीकडे थापा थांबल्या.

खाडीशी उतरून ती नायगावचे टॉवर बघत राहिली. "हे एवढे कधी झाले?"

"अगं, गेल्या वर्षी तुझ्या बहिणीकडे याच रस्त्याने आलो होतो आपण."

"मी डोळे मिटून बसायचे," ती म्हणाली.

मी गाडी वळवली. परत निघालो. थोड्या वेळाने कमरेभोवती काहीच नाही असं जाणवलं म्हणून आरशात बघितलं, तर ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बाजूची घरं बघत बसलेली. मी वेग आणखी कमी केला.

"या वेगाने गोव्याला किती दिवस लागतील?" मागून आवाज आला.

"चार तरी."

"चालतील," ती म्हणाली.