सातवी विहीर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, तेव्हापासून शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यात माणसांची आणि जनावरांची मिळून मी एकच डॉक्टर. धामण म्हशीचं दूध पिते का? शेळीला दाढी कशाला? मी मनापासून उत्तर देते, लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन जे करायचं तेच करतात.

एका सकाळी माझे काका दारात आले.

"गो पोरी, इचारायचा हाय. घरचा कुत्रा, आपलीच भाकर खातो. त्याच्या दातात इख कसा असल?"

मी त्यांच्या पोटरीकडे पाहिलं. दातांचे व्रण, रक्तावर तिखट थापलेलं. कुत्रा दोन आठवड्यांपूर्वी रानातून कोल्ह्याशी भांडून आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना ओढत नळाखाली नेलं आणि साबण लावून बराच वेळ पाय धुतला.

"औषध धुतलास गो!" काका ओरडले.

मी समजावलं, की रेबीजचा विषाणू लाळेतून शिरतो, नसांमधून मेंदूकडे जातो. लस त्याच्या आधी पोचायला हवी.

"फास्टनं जातो का स्लोनं?"

"स्लोनं."

"मंग टाइम हाय."

"पण मेंदूत पोचला की परतीची गाडी नाही, काका."

ते पाय पुसू लागले. मग म्हणाले, "पोटात चौदा टोचतात. आमी सात इहिरी बघतो आधी."

आमच्याकडे कुत्रा चावला की सात विहिरींत डोकावतात. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर माणूस वाचला, कुत्र्याचं दिसलं तर संपला. वाद घालत बसले असते तर दुपार झाली असती. शिवाय याच काकांनी मला कॉलेजसाठी रोज सायकलवर बसवून खर्डी स्टेशनला सोडलं होतं, पावसात डोक्यावर इरलं धरून. त्यांच्या हट्टापायी मी त्यांना मरू देणार नव्हते.

"चला," मी स्कूटी काढली. "विहिरी मी दाखवते."

पाड्याची विहीर, देवळामागची, मग भातशेतातल्या. प्रत्येक ठिकाणी काका वाकून बघत आणि खूश होऊन म्हणत, "मीच हाय!" एकीवर सिमेंटचं झाकण टाकून पंप बसवला होता. ती मोजायची की नाही यावर आमचं भांडण झालं. "तोंड दिसला नाय, नाय मोजायची!" सहा भरल्या.

"सातवी?"

"सरकारी आहे एक. पाणी चांगलं."

ती विहीर एका आवाराच्या मागच्या बाजूला होती. काका वाकले, मीही वाकले. पाण्यात दोन डोकी.

"दोघंपण मानसाच," ते म्हणाले, मागे वळले आणि खिडकीत उभी असलेली नर्स त्यांना दिसली.

"गो... हा दवाखाना हाय."

"विहिरीला लागूनच निघाला, काका."

"टोपी घातलीस मला!"

"सात झाल्या की नाही?"

बोटांवर मोजून ते आत शिरले. नर्सने विचारलं, जखम धुतली का. "हिनं धुतला, तिखटासकट," त्यांनी तक्रार केली. दंडातली लस टोचून झाल्यावर ते चक्क नाराज झाले: "एवढाच?" जखमेभोवतीची सुई मात्र दुखली. तिच्याबद्दलच्या शिव्या मी घरी पोचेपर्यंत ऐकल्या.

त्याच आठवड्यात कुत्रा लाळ गाळत मेला. काका दिवसभर अंगणात बसून राहिले. पुढच्या लशींच्या तारखा त्यांना कधी सांगाव्या लागल्या नाहीत. जाताना ते आधी मागच्या विहिरीत डोकावत, मग दंड पुढे करत.

आता पाड्यात कोणाला कुत्रा चावला की लोक मला विचारत नाहीत, काकांना विचारतात. आणि काका ओट्यावरून, माझ्याकडे न बघता, सांगतात:

"पयल्या सा इहिरींत काय नाय रे. साबणानं पाय धू आन् थेट सातवीला जा."